४६,८०० ला गंडलो, आणि तो डबा मी स्वतः हातात धरला होता

लिहायची लाज वाटतेय, पण ऑफिसच्या दाराला कार्डवालं लॉक बसवायचं अजून बऱ्याच जणांच्या डोक्यात असणार म्हणून लिहितो.

लॉक बसवणाऱ्या माणसाचं कोटेशन व्हॉट्सॲपवर आलं. ६०० पाउंडाच्या ताकदीने दार धरून ठेवणारं मॅग्नेटिक लॉक, बाहेर कीपॅड, आत वेगळा कंट्रोलर (दार उघडायचं की नाही ते ठरवणारा डबा), १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी, शिल्डेड केबल, कोण कधी आलं-गेलं त्याचा लॉग, सगळं मिळून ५०,८००, आणि पक्कं बिल नको असेल तर ४६,८००. मी ४६,८०० म्हणालो. शहाणपणा शिकवू नका, चार हजार सुटतायत म्हटल्यावर तुम्हीही तेच म्हणाला असतात. ३०,००० ॲडव्हान्स, १०,००० कामाच्या दिवशी सकाळी, आणि उरलेले ६,८०० त्याने दारातच उभं राहून मोजून घेतले.

आता तो क्षण. तो स्टुलावर चढून ड्रिल मारत होता आणि मला म्हणाला, सर, जरा हा बॅटरीचा डबा धरा. मी धरला. एका हाताने. दुसऱ्या हातात फोन होता, त्याच्यावर बोलत होतो. ७ एएचची बॅटरी दोन किलोच्या वर भरते हो, यूपीएस उघडलेल्या माणसाला सांगायला नको, आणि हा डबा रिकाम्या टिफिनसारखा. मला जाणवलं होतं! मनात आलंसुद्धा की फारच हलका आहे, पण म्हटलं आजकाल लिथियम वगैरे येतं, असेल. विचारायला तोंड उघडलं नाही. काम झाल्यावर म्हटलं मेन बंद करून दाखव, तर म्हणे बॅटरी चार्ज व्हायला बारा तास लागतात, उद्या करा. उद्या कोण करतो?

सहा आठवड्यांनी सकाळी ऑफिस उघडलं तर दोन लॅपटॉप नाहीत, ७९,५०० चे. दार बंद, लॉक शाबूत, ओरखडा नाही. मग संशय कोणावर जाणार? रोज पहिला येणाऱ्या पोरावर. मी त्याला समोर बसवून नको ते विचारलं, ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

दुपारी लक्ष गेलं ते रिसेप्शनवरच्या डिजिटल घड्याळाकडे. लाइट गेली की ते १२:०० पासून परत सुरू होतं, आणि ते चार तासांच्या आसपास मागे चाललं होतं. म्हणजे पहाटे पावणेचारच्या सुमारास लाइट परत आली होती. मॅग्नेटिक लॉक करंट गेला की सुटतं, सुटायलाच पाहिजे, आग लागली तर माणसं आत कोंडू नयेत म्हणून, आणि म्हणूनच तर बॅटरी लागते! लाइट गेली, दार मोकळं, कोणीतरी आलं, क्लोजरने दार मागे ओढून घेतलं, लाइट आली, पुन्हा लॉक.

दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. बॅटरीच्या डब्यात बॅटरी नाही. कंट्रोलरच्या डब्यात कंट्रोलर नाही, एक हिरवा एलईडी आणि रेझिस्टन्स, बस. सगळं काम बाहेरच्या कीपॅडमधल्या रिलेवर, म्हणजे लॉकचा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचवर, चाललेलं. त्या बुवाने कीपॅडचा खालचा एकच स्क्रू काढला, भिंतीपासून उचकटला, आतून दार उघडायच्या एक्झिट बटणाची वायर ग्राउंडला टेकवली. टक्. दार उघडं. म्हणजे लाइट जायचीही गरज नव्हती. रिले असलेली वस्तू कायम दाराच्या आतल्या बाजूला, बाहेर फक्त कार्ड वाचणारा रीडर, एवढं तरी लक्षात ठेवा.

शिल्डेड केबलच्या जागी लॅनची वायर. ३० मीटर लांबी, जाऊन-येऊन ६०, एवढ्या बारीक तारेत जवळजवळ ५ ओहम, लॉक अर्धा अँपिअर खातं, म्हणजे अडीच व्होल्ट वाटेतच खलास. मीटर लावला तर लॉकवर १२ च्या जागी ९.६ व्होल्ट. लॉकसाठी १८ गेजची जाड वायर मागा आणि मीटर लॉकच्या टोकांवर लावायला सांगा, सप्लायवर नाही. लॉक ज्याला चिकटतं ती दारावरची लोखंडी पट्टी भिंतीसारखी घट्ट आवळलेली, ती रबरी वॉशरवर किंचित हलली पाहिजे, नाहीतर पूर्ण चिकटतच नाही. लॉक बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटका गिळायला लॉकवर उलटा लावायचा १एन४००७ डायोडही नव्हता, त्यामुळे रिलेचे पॉइंट काळे पडलेले. अजून थोडे दिवस गेले असते तर ते एकमेकांना चिकटले असते, आणि एक्झिट बटणही त्याच रिलेवरून जात होतं, म्हणजे आतला माणूस आतच. बटणाने, आणि फायर अलार्म असेल तर त्यानेही, लॉकचा करंट थेट तुटला पाहिजे.

पोलिसांकडे पाच खेपा झाल्या. पहिल्यांदा म्हणाले दार तोडलेलं नाही म्हणजे तुमच्यातलाच कोणीतरी. डबा उघडून दाखवला तर म्हणे हा व्यवहाराचा वाद, दिवाणी आहे, वकील करा. तिसऱ्यांदा साहेब नाहीत, चौथ्यांदा साहेब आहेत पण फाइल नाही, पाचव्यांदा मलाच विचारलं की बिल का नाही घेतलं. अहो चोर तो की मी? ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर तर कमाल, ऑफिससाठी घेतलंत म्हणजे व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहकच नाही! लॅपटॉपच्या विम्यावाल्यांनी तोडफोडीच्या खुणांचे फोटो मागितले. कुठल्या खुणा, दाराने स्वतः वाट दिली होती.

आणि हो, कीपॅडचा मास्टर कोड कंपनीतून आलेलाच होता, तो मी बदलला नव्हता. ती चूक माझीच.

त्या माणसाला मेसेज केला की दोन निळ्या टिका येतात, उत्तर नाही. त्या पोराची माफी मागितली, ठीक आहे सर म्हणाला, पण आता तो सगळ्यांत शेवटी येतो. नवीन माणूस परवा येणार आहे. पक्कं बिल, १०% रक्कम पंधरा दिवस राखून, आणि मेन बंद करून दोन तास दार धरून ठेवलं तरच बाकीचे पैसे. बॅटरी मी आधी दोन्ही हातांनी उचलून बघणार आहे.