लहान मुलांचं बीपी: गोळ्या की बलून?

माझ्या 9 वर्षांच्या भाच्याचं डोकं सारखं दुखायचं, सगळे म्हणाले चष्मा लागला असेल, शेवटी चिपळूणला डॉक्टरांनी लहान मुलांचा पट्टा बांधून बीपी बघितलं तर 160/110! डॉपलर (सोनोग्राफीने रक्तप्रवाह बघणं), मग सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा स्कॅन), आणि कळलं डाव्या किडनीची रक्तवाहिनी अरुंद झालीय. किडनीला रक्त कमी पोचलं की ती रेनिन नावाचं द्रव्य सोडते आणि सगळ्या अंगाचं बीपी चढतं.

गोळ्या लगेच चालू होतात, पण नळी अरुंद ती अरुंदच, कधीकधी तीन-तीन गोळ्यांनाही बीपी दाद देत नाही. आणि एनालाप्रिलसारखी बीपीची गोळी, दोन्ही किडन्यांच्या नळ्या अरुंद असतील तर किडनीलाच धोका, त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट चालतेय का ते यावरून कळतं) तपासत राहायचं, मनाने तर अजिबात द्यायची नाही.

बलूनमध्ये भूल देऊन जांघेतून तार नेतात न् छोटा फुगा फुगवून अरुंद जागा रुंद करतात. परत अरुंद होऊ शकते हे खरं. स्टेंट (नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी) मुलांना शक्यतो टाळतात, मूल वाढतं, स्टेंट वाढत नाही. आपल्याकडे बऱ्याचदा ताकायासू हा रक्तवाहिन्यांच्या सुजेचा आजार निघतो, मग शक्यतो आधी सूज उतरवायची.

एकाच जागी अरुंद असेल तर मी बलूनच म्हणेन, मुंबईची दगदग झाली तरी. आमच्याकडे तेच केलं, एक गोळी अजून आहे. ताई रोज शाळेआधी पट्टा बांधते न् आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते.