सर्व्हरचा सिरियल कन्सोल तपासायला कोणती केबल, कोणतं सॉफ्टवेअर?

सर्व्हरच्या सिरियल पोर्टला केबल लावून त्याचे मजकुरातले संदेश वाचायची आणि हुकूम द्यायची सोय म्हणजे सिरियल कन्सोल. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या कपाटात सीएनसी (संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या) मशिनला प्रोग्रॅम पाठवायची जुनी सिरियल केबल हमखास सापडते. तीच वापरावी की नवी घ्यावी, ते संदेश बघायला लॅपटॉपवर पुट्टी हे सॉफ्टवेअर ठेवावं की दुसरं काही, हे ठरवताना मी एकच गोष्ट बघतो. पडद्यावर काहीच उमटलं नाही, तर दोष आपल्या बाजूला आहे की सर्व्हरच्या, हे किती लवकर कळेल?

सीएनसीची केबल इथेच बाद होते. मशिनच्या टोकाला बहुधा २५ पिनांचा कनेक्टर असतो आणि आतली जोडणी त्या कंट्रोलरच्या सोयीची असते. तिच्यासोबत आलेली सेटिंगही अनेकदा ७ बिट, इव्हन पॅरिटीची (पॅरिटी म्हणजे चूक ओळखायला जोडलेला जादा बिट). सर्व्हरला ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट असं लागतं. ९ पिनांचा पोर्ट असेल तर सरळ नवी नल मोडेम केबल घ्या. तिच्यात २ आणि ३ नंबरच्या वायरी अदलाबदल केलेल्या असतात, ५ नंबरची ग्राउंड सरळ जाते.

लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसेल तर यूएसबी-सिरियल अडॅप्टर लागतो. त्यात एफटीडीआय चिपचा महाग पडतो, पण कटकट कमी. सीएच३४० स्वस्त आहे आणि कन्सोलपुरता चालतो. प्रोलिफिकच्या पीएल२३०३ कुळातल्या जुन्या चिपा विंडोज १० आणि ११ वरचा नवा ड्रायव्हर नाकारतो, तेव्हा फुकट मिळाला तरी विचार करा. लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, तिन्हींचे ड्रायव्हर आधीच असतात. आर्डुइनो (छंदी लोकांचा छोटा सर्किट बोर्ड) वापरणाऱ्यांचा चार वायरींचा टीटीएल मॉड्यूल मात्र इथे लावू नका. तो ३.३ किंवा ५ व्होल्टचा, आणि आरएस-२३२ मध्ये, म्हणजे सर्व्हरच्या सिरियल पोर्टच्या मानकात, उणे-अधिक १५ व्होल्टपर्यंत सिग्नल येऊ शकतो.

सर्व्हरला हात लावण्याआधी लूपबॅक करा, म्हणजे पाठवलेलं आपल्याकडेच परत आणून बघा. अडॅप्टरच्या २ आणि ३ पिना जोडा, फ्लो कंट्रोल (समोरचा तयार होईपर्यंत पाठवणं थांबवणं) आणि लोकल एको (टाइप केलेलं सॉफ्टवेअरने स्वतःच दाखवणं) बंद ठेवा, मग टाइप करा. अक्षरं दिसली पाहिजेत आणि जोड काढताच थांबली पाहिजेत. काढल्यावरही दिसत असतील तर एको चालूच राहिलाय. मग केबल लावून तिच्या दुसऱ्या टोकाला तेच करा. वायर तुटलेली असेल तर इथे कळते. पण लूपबॅक पास झाला म्हणून हुरळून जाऊ नका. वेग काहीही असला तरी तो पास होतो, कारण पाठवणारा आणि घेणारा पोर्ट एकच आहे. साधी केबल आणि नल मोडेम यांतला फरकही त्यात दिसत नाही. त्यासाठी मल्टिमीटरच हवा.

सॉफ्टवेअरमध्ये विंडोजवर पुट्टी पुरेसं आहे. एकच फाइल, इन्स्टॉल करायचीही गरज नाही. मात्र ते मुळात ९६०० वेगावर आणि फ्लो कंट्रोल एक्सऑन-एक्सऑफवर असतं; दोन्ही बदलून घ्या. एक्समोडेम या पद्धतीने सिरियलवरून फाइल पाठवायची असेल किंवा मॅक्रो लिहायचे असतील तर टेरा टर्म. लिनक्सवर मिनिकॉम नावाजलेलं आहे, पण त्यात बऱ्याचदा हार्डवेअर फ्लो कंट्रोल आधीच चालू असतं. तीन वायरींच्या केबलवर मग टाइप केलेलं जातच नाही आणि माणूस केबलला शिव्या देतो. माझी पसंती पिकोकॉमला, कारण सुरू होतानाच वेग, पॅरिटी, फ्लो कंट्रोल सगळं छापून दाखवतं. उबुंटूवर पोर्ट उघडायला परवानगी नाही म्हणालं, तर स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये घाला.

आयपीएमआय (सर्व्हर दुरून सांभाळायची त्यातलीच सोय) मधला सिरियल ओव्हर लॅन, म्हणजे नेटवर्कवरून तोच कन्सोल बघणं, हाही पर्याय आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद होता, अशा वेळी गावात बसलेल्याला केबलचा काय उपयोग? पण तिथलं नेटवर्क आणि वीज चालू असेल तरच तो चालणार. म्हणून परवडत असेल तर दोन्ही ठेवा, एकच जमत असेल तर केबल.

लूपबॅक पास, केबलही बरोबर, तरी गडबड असेल तर पडद्यावरूनच अंदाज येतो. चित्रविचित्र अक्षरं म्हणजे वेग जुळत नाही. ९६०० वरून ११५२०० करून बघा. बायोसचा (सर्व्हर सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमचा) मजकूर दिसून पुढे सगळं शांत, तर कर्नेलला सिरियल कन्सोल सांगितलेला नाही. बूटचे संदेश येऊनही लॉगिन येत नसेल, तर त्या पोर्टवर लॉगिन विचारणारी गेटी सेवा सुरू करायची राहिली आहे. आणि पहिल्यापासून एक अक्षरही नसेल, तर बायोसमध्ये कन्सोल रीडायरेक्शन (पडद्यावरचा मजकूर सिरियल पोर्टवर पाठवणं) चालू आहे का आणि ते कोणत्या पोर्टवर आहे ते बघा.