कापडी पिन-बोर्ड घरी करताना: आत सॉफ्टबोर्ड की कॉर्क, वर पिन की रिबन?

भाचीने नागपुरात मनीषनगरला फ्लॅट घेतला. हॉलच्या भिंतीवर तिला दोन बाय तीन फुटांचा, कापड मढवलेला बोर्ड करायचा आहे आणि त्यावर आजीचं नागपुरी लुगडं लावायचं आहे. आत काय घालू, वर काय लावू, असं तिने विचारलं. मी आतापर्यंत घरात चार बोर्ड केले आहेत. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

कापड निवडायची घाई सगळ्यांनाच असते, पण आधी भिंत बघायची. आपल्याकडे मार्चअखेर खिडकीत कूलर बसतो तो पावसाळा लागेपर्यंत. त्याचा ओला झोत ज्या भिंतीवर जातो, तिथे लाकडी-कागदी वस्तू टिकत नाहीत. सॉफ्टबोर्ड की कॉर्क हा प्रश्न नागपुरात तरी इथूनच सुटतो.

सॉफ्टबोर्ड म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला हलका, भुसभुशीत पत्रा. शाळा-ऑफिसांतल्या नोटीस बोर्डात बहुधा हाच असतो. १२ मिमी जाडीचा घेतला की पिन सहज आत जाते, धरूनही राहते. वजनाला हलका, घरच्या कटरनेही कापता येतो. खोड एकच, पाणी पितो. मुलाच्या खोलीतला माझा बोर्ड कूलरच्या अगदी समोर होता. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याचा खालचा कोपरा फुगला, मधून पोट आलं आणि ताणून लावलेलं कापड सैल पडलं. तळमजल्यावर ओल असलेल्या भिंतीला वाळवीचीही भीती असते.

कॉर्क महाग पडतो, पण त्याचा गुण मोठा आहे. ही एका ओक झाडाची साल. झाड न तोडता साधारण नऊ वर्षांनी एकदा ती सोलून काढतात, आणि सर्वांत जास्त येते पोर्तुगालमधून. तिच्या बारीक पेशींत हवा कोंडलेली असते. पिन घुसली की त्या दबतात, काढली की पुन्हा फुगून भोक जवळजवळ बुजवतात. ओलही फारशी शोषत नाहीत. मात्र दुकानात ‘कॉर्क शीट’ म्हणून तीन-चार मिमीचा रोल दाखवतात, तो प्लायवर चिकटवला की पिन आत जाऊन प्लायवर आपटते आणि वाकते. निदान ८ ते १० मिमी जाडी हवी. पातळच मिळाला तर दोन-तीन थर एकावर एक लावायचे.

थर्माकोल स्वस्त आणि ओलीला घाबरत नाही, म्हणून माझा पहिला बोर्ड त्याचाच होता. कापड चिकटवायला उग्र वासाचं सोल्यूशन वापरलं आणि पत्र्याला खड्डे पडले, कारण त्यातला द्रावक थर्माकोल विरघळवतो. पांढऱ्या, पाण्याच्या गोंदाने तसं होत नाही. पण पिनांची भोकं महिन्याभरात मोठी होतात, आणि देवघराच्या किंवा गॅसच्या जवळ हा पदार्थ नकोच. २०१८ च्या बंदीनंतर आपल्या राज्यात सजावटीला तो वापरूही नये. खोक्याच्या पुठ्ठ्याचे तीन थर मुलांच्या शाळेपुरते ठीक.

तेव्हा कूलरसमोरच्या भिंतीला कॉर्क, इतरत्र सॉफ्टबोर्ड.

आता कापड. बोर्डावर रोज पिना टोचायच्या असतील तर विण बघा, रंग नंतर. मॅटीचे, म्हणजे भरतकामाच्या जाडसर सुती कापडाचे, धागे मोकळे असतात, पिन दोन धाग्यांमधून सरकते आणि काढल्यावर नखाने घासलं की खूण जाते. जाडसर हातमाग आणि खादीही तशीच. फेल्टवर भोक दिसत नाही, पण एप्रिल-मेची धूळ त्यात बसते ती निघत नाही. मखमलीचंही तेच. सॅटिनला हातच लावू नका, एक धागा तुटला की रेघ उमटते. १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल आता नाही, पण गांधीबाग-इतवारीत कापड चिमटीत धरून विण सांगणारे दुकानदार आहेत, त्यांना ‘पिना टोचायच्या आहेत’ असं स्पष्ट सांगा. सुती कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच लावायचं.

टसर आणि करवती किनारीचा प्रश्न वेगळा. भंडारा-गडचिरोलीकडच्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या किड्यांचं हे रेशीम. करवतीच्या दात्यांसारखी ती किनार तीन धोटे चालवून, साडीच्या अंगाशी गुंफत विणतात. तिला पिन टोचलेली मला बघवत नाही. शिवाय उन्हाने रेशीम कमजोर होतं, म्हणून पश्चिमेच्या खिडकीसमोर ते लावूच नये.

अशा कापडाला रिबनचा बोर्ड. कापडाखाली अर्धा इंच फोम, वरून तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रिबनी, साधारण पाच इंचांच्या अंतराने, म्हणजे चार बाय सहाचा फोटो दोन कोपऱ्यांत तरी अडकतो. फोमशिवाय रिबन घट्ट बसत नाही, फोटो घसरतात. गैरसोय एवढीच की वाणसामानाच्या याद्या, बिलं, औषधाच्या चिठ्ठ्या असे लहान कागद रिबनीत थांबत नाहीत. स्वयंपाकघरासाठी पिनच बरी.

कापड मागे दुमडून बसवताना स्टेपल गन हवीशी वाटते, पण सॉफ्टबोर्डात स्टेपल धरत नाही. सुताराकडून मागे लाकडी पट्ट्यांची चौकट मारून घ्या आणि तिच्यात स्टेपल मारा. आधी चारही बाजूंचे मध्य, समोरासमोर ताणून, मग कोपऱ्यांकडे. गोंद वापरायचा तर फक्त मागच्या बाजूला, पुढे डाग उठतो. सगळीकडून तीन इंच वळायला धरले तर दोन बाय तीनला ३० बाय ४२ इंच कापड लागतं. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंचांचा असेल तर लांब बाजू पन्ह्यात बसते आणि पाऊण मीटरच्या थोडं वर पुरतं. ३६ इंचांचा असेल तर सव्वा मीटर घ्या.

भाचीची हॉलची भिंत कूलरच्या समोर येते, म्हणून तिला कॉर्क सांगितला, मागे प्लाय. लुगडं सुतीच आहे, मधे विरलं आहे, पदर शाबूत आहे. तो तेवढाच लावायचा, रिबनीचा, एकही पिन नाही. कुठेही चिकटवायचा नाही, फक्त मागे प्लायमध्ये स्टेपल, म्हणजे उद्या काढावासा वाटला तर सुटून येईल. फोमच्या वर आणि पदराच्या खाली मांजरपाटाचं अस्तर घालायला मात्र विसरू नकोस म्हटलं, कारण झिरझिरीत सुतातून फोमचा रंग आरपार दिसतो.