फौजदारी डाळ एक नंबर, पण बोलताना आजूबाजूला बघा

बांधाच्या दाव्यात तारखांवर तारखा चालू आहेत, त्यामुळे जळगावात कोर्टाजवळच्या या खानावळीत किती वेळा जेवलोय ते मोजायचं सोडलं. नाव लिहीत नाही, चकरा मारणाऱ्यांना बरोबर कळेल.

आधी जेवण. फौजदारी डाळ मागवाच, वर लाल तवंग, लसूण आणि भाजलेलं खोबरं दाताखाली येतं, सोबत कळण्याची भाकरी तव्यावरून थेट ताटात. थंडीत भरीत मिळतं, मोठ्या हिरव्या वांग्यांचं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, तो वास गॅसवर येतच नाही. शेवभाजी मात्र दुपारी दोन नंतर घेऊ नका, शेव आधीच टाकून ठेवतात, पार लगदा होतो.

आता तक्रार. टेबलं एवढी चिकटून की शेजारच्याचं कोपर आपल्या ताटात, आणि बोलणं सगळं केसचंच. मागच्या महिन्यात एका शनिवारी शेजारी दोघं बसले होते, एकाची साक्ष सकाळी झालेली आणि दुसऱ्याची दुपारी होती, आणि पहिला भाकरी मोडत मोडत उलटतपासात काय काय विचारलं ते सगळं त्याला सांगत होता!! अरे मग एकाची साक्ष चालू असताना पुढच्या साक्षीदाराला बाहेर कशाला बसवतात? त्यात वाढपी पण वाटी हातात धरून "मंग काय व्हयनं भो?" करत उभा, माझं वरण राहिलं तिकडेच.

तेवढ्यात इंग्लंडातल्या लेस्टरहून भाच्याचा फोन, तिकडे सकाळच होती. त्याचं ज्युरीत नाव निघालंय, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवायला साध्या लोकांतून बसवतात ते बारा जण. मला वाटायचं ते गोऱ्यांचंच काम असेल, पण वय बसत असेल, तिथल्या मतदारयादीत नाव असेल आणि पाच वर्षं राहिलेला असाल तर आपल्या पासपोर्टवाल्यालाही बोलावतात. मी म्हटलं सांग ना रे, खून आहे का चोरी? तर म्हणे, "मामा, केस संपेपर्यंत नाही. बायकोलाही सांगितलं नाही. आणि आम्हा बारा जणांत खोलीत काय बोलणं झालं ते तर निकालानंतरही नाही." 2011 मध्ये तिकडे एका ज्युररबाईने एका आरोपीशी फेसबुकवर गप्पा मारल्या, ती आरोपी बाई सुटली होती पण बाकीच्या आरोपींचा निकाल बाकी होता, तर बाईंना आठ महिने जेल. मी मुकाट्याने डाळ ओरपली.

आपल्याकडे पण ज्युरी होती की. 1959 च्या नानावटी खटल्यात, म्हणजे बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातलेल्या नौदल अधिकाऱ्याच्या, पेपरांनी एवढं रान उठवलं, ज्युरीने 8 विरुद्ध 1 ने निर्दोष ठरवलं, हायकोर्टाने ते फिरवलं आणि 1961 मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा कायम केली. पुढे 1973 च्या फौजदारी संहितेत ज्युरी राहिलीच नाही. बरंच झालं म्हणा, इथं ते ज्युरीवाले जेवायला आले असते तर आमच्या वाढप्याने दुसरी भाकरी वाढायच्या आत निकाल काढून घेतला असता.

जेवणाला पाच पैकी साडेचार, बसायला दोन. एकटे असाल तर भिंतीकडचं टेबल धरा, वकिलांशी बोलायचं असेल तर जेवण उरकून बाहेर लिंबाखाली जा. ताक मागा, मागितल्याशिवाय देत नाहीत पण बिलात धरत नाहीत.