जुनी स्ट्रॅटोकास्टर ‘मूळ रूपात’ आणायला दिली आणि मूळ भागच गेले

तरुणपणी घेतलेली इलेक्ट्रिक गिटार, मधल्या काळात हौसेने केलेली कापाकापी, आणि आता ‘होती तशी करून घेऊ, साल तरी नक्की करू’ ही इच्छा. मालक नेमका इथेच गाठला जातो. पुढचा प्रकार एका स्ट्रॅटोकास्टरचा, म्हणजे फेंडर कंपनीच्या इलेक्ट्रिक गिटारचा आहे. ब्रिजजवळ (तारा बॉडीवर टेकतात तिथे) हंबकर, म्हणजे दोन गुंडाळ्यांचा पिकअप (तारांचं कंपन टिपणारा भाग), बसवण्यासाठी बॉडी खोदलेली, रंग खरवडून लाकूड उघडं केलेलं, नट (दांड्याच्या वरच्या टोकाचा तारांचा आधार) पितळी, ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या) बदललेले. ब्रिजचा मूळ पिकअप आणि क्लुसन कंपनीचे जुने ट्यूनर मात्र केसमधल्या डबीत जपलेले. ‘जुन्या गिटारींचा जाणकार’ म्हणवणाऱ्या कारागिराकडून ती परत आली तेव्हा चकाचक होती, सोबत साल लिहिलेलं प्रमाणपत्र होतं. आत मात्र एकही जुना पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा बदलता रोध), जुना स्विच किंवा जुना पिकअप नव्हता. डबीही रिकामी.

या फसवणुकीचा पाया पहिल्याच भेटीत घातला गेला. कारागिराने गिटार उघडली, तीन आकडे दाखवले आणि सांगितलं, ‘ही तीन गिटारींची मिसळ आहे, हिला किंमत नाही.’ नेक (दांडा) बॉडीला जोडणाऱ्या प्लेटवरचा क्रमांक त्याच्या तक्त्यात १९६५ च्या अखेरचा, नेकवर १९६६ चा नोव्हेंबर, पॉटवर १९६६ चा वसंत. मालकाचा धीर तिथेच सुटला. आपल्याकडे मुळात भंगार आहे असं वाटलं की माणूस सुट्या भागांचा हिशेब मागत नाही.

खरं तर हे तीन आकडे एकमेकांशी व्यवस्थित जुळणारे होते. फेंडरच्या कारखान्यात नेक, बॉडी आणि वायरिंग वेगवेगळं तयार व्हायचं आणि शेवटी एकत्र जोडलं जायचं. क्रमांकाच्या प्लेटी ओळीने लावल्या जात नसत, हाताला येईल ती लावली जाई. म्हणून प्लेट वर्षभर मागेपुढे निघाली तरी त्यात संशयास्पद काही नाही. एफ अक्षराच्या प्लेटी १९६५ च्या अखेरीपासून १९७६ पर्यंत चालल्या. शिवाय प्लेट चार स्क्रूंवर निघते, त्यामुळे निव्वळ तिच्यावरून दिलेल्या सालाला अर्थ नाही. या गिटारचं प्रमाणपत्र तेवढ्यावरच लिहिलेलं होतं.

पॉटवर सात आकडे असतात. ३०४६६१२ असेल तर ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, ६६ हे साल आणि १२ हा त्या सालातला आठवडा. सुरुवातीला १३७ असेल तर सीटीएस, १३४ असेल तर सेंट्रालॅब. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा इतका मोठा साठा घेतला की ते १९६९ पर्यंतच्या गिटारींत सापडतात. म्हणजे पॉटवरून एवढंच ठरतं की वायरिंग त्या आठवड्याच्या आधीचं नाही. उलट, साठच्या दशकातल्या गिटारमध्ये प्लेट, नेक आणि पॉट अगदी एकाच महिन्याचे निघाले तर ते नंतर जुळवलेले असू शकतात, म्हणून आधी सोल्डर तपासावं.

नेकचा शिक्का सगळ्यांत भरवशाचा, आणि चुकीचा वाचला जाणाराही तोच. बॉडीच्या खाचेत बसणाऱ्या टोकावर ‘१३ नोव्ह ६६ बी’ असा शिक्का असेल तर तेरा ही तारीख नव्हे, तो मॉडेलचा क्रमांक आहे. शेवटचं अक्षर नेकची जाडी सांगतं असं सर्रास म्हणतात, तेही चूक. ते नटजवळची रुंदी सांगतं: ए म्हणजे दीड इंच, बी म्हणजे एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच, साधारण ४१.३ मिलिमीटर. आणि ही तारीख नेकची आहे, पूर्ण गिटारची नाही. नोव्हेंबरचा नेक पुढच्या वर्षीच्या गिटारवर चढणं अगदी शक्य.

मिसळ ठरवून झाल्यावर कारागीर म्हणाला, ‘वायरिंग कुजलंय, सगळं नवीन टाकतो, जुन्याचे पैसे बिलात वळते करतो.’ वायरिंग कुजलेलं नव्हतं. पॉट खरखरत होते, आणि त्यावर इलाज म्हणजे आत संपर्क-क्लीनरचा एक छोटा फवारा मारून दांडा वीस-तीस वेळा फिरवणं. २५० किलोओहमचा जुना पॉट २१० किंवा २८० दाखवत असेल तरी तो बिघडलेला नाही, त्या काळच्या पॉटमध्ये एवढा फरक चालत असे. मागितल्याशिवाय बदलण्यासारखं त्या पिकगार्डखाली (बॉडीवरच्या पातळ झाकणाखाली) काहीच नव्हतं.

बदललेले भाग ओळखता आले ते असे. तीन जागांच्या स्विचऐवजी पाच जागांचा स्विच होता, आणि कारखान्यातून पाच जागांचा स्विच १९७७ पासून येऊ लागला. चपट्या गोल सिरॅमिक कपॅसिटरऐवजी नवा होता. बसवलेल्या पॉटचे कोड घासून काढलेले, हे तर अक्षम्यच. पिकअपची नक्कल मात्र चांगली होती: तळाची करडी फायबर पट्टी, कापडी आवरणाची वायर, गडद तपकिरी इनॅमल तार, सगळं त्या काळासारखं. नुसत्या नजरेने ते पकडता आलं नसतं. मूळ पिकअपच्या तळाशी हाताने लिहिलेली तारीख होती, यावर ती नव्हती. सोल्डरच्या कडेला ताजा चिकट फ्लक्स (सोल्डर करताना लावतात तो पदार्थ) होता. सोल्डरच्या चमकेवर मात्र विसंबू नये. जुना जोड पुन्हा गरम केला की तोही चमकतो, आणि प्रामाणिक दुरुस्तीतही तसं होतंच.

पिकअपचा रोध आधी मोजून ठेवला असता तर वादच उरला नसता. पिकगार्ड न उघडताही हे जमतं. गिटारला केबल लावायची, व्हॉल्यूम आणि टोन दहावर ठेवायचे, मल्टिमीटर केबलच्या मोकळ्या टोकाला टेकवायचा आणि स्विचच्या प्रत्येक जागेवर आकडा लिहायचा. व्हॉल्यूमचा २५० किलोओहमचा पॉट समांतर असल्याने आकडा थोडा कमी येतो: ६ किलोओहमचा पिकअप साधारण ५.८६ दाखवतो. सोबत खोलीचं तापमान लिहायला विसरू नका. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, त्यामुळे २० अंशांना ५.८० असलेला पिकअप ३० अंशांना ६.०३ दाखवेल. तापमान न लिहिलेला आकडा पुढे केला तर ‘हवेचा फरक’ एवढंच उत्तर मिळतं, आणि ते खोडता येत नाही.

आता लाकूड. हंबकरसाठी खोदलेला खड्डा पूर्णपणे पिकगार्डखाली झाकला जात होता. मूळ मांडणीचा नवीन पिकगार्ड बसवला असता तर बाहेरून काही दिसलं नसतं. तरी खड्डा ‘भरून’ वर अपारदर्शक रंग मारला गेला. भरायचंच असेल तर त्याच जातीच्या लाकडाचा ठोकळा, रेषा बॉडीच्या रेषांच्या दिशेने ठेवून, लाकडाच्या गोंदाने चिकटवून रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवतात. इथे मोटारींच्या डेंटिंगला वापरतात ती पॉलिएस्टर पुट्टी होती. लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आक्रसतं, पुट्टी तशी हलत नाही, म्हणून काही महिन्यांत खड्ड्याची कड रंगातून रेघेसारखी उमटते.

बिलावर ‘नायट्रोसेल्युलोज लॅकर’ लिहिलं होतं. पिकगार्डखालच्या कोपऱ्यात कापसाच्या काडीने ॲसिटोनचा एक थेंब लावला की कळतं: नायट्रो लगेच मऊ होऊन चिकट होतं, पूर्ण वाळलेल्या पॉलियुरेथेनवर फारसा परिणाम दिसत नाही. इथे तो दिसला नाही. अर्थात खरं नायट्रो मारलं असतं तरी गिटार ‘मूळ रंगाची’ झाली नसती. रंग एकदा खरवडला की तो गेला, पुढचं सगळं पुनर्रंगकामच, आणि संग्राहक ते तसंच मोजतात. अपारदर्शक रंगाचा आग्रह धरण्यामागे आणखी एक सोय असते. उघड्या लाकडाच्या रेषा हा त्या बॉडीचा ठसा असतो, रंगाखाली बॉडी बदलली तरी कळत नाही. इथे बॉडी तीच निघाली, ब्रिजच्या सहा स्क्रूंच्या भोकांची किंचित तिरकी ओळ जुन्या फोटोशी जुळली म्हणून.

सर्वांत मोठं नुकसान नेकचं. ‘खाचेत नीट बसत नव्हता’ म्हणून टोक घासलं आणि शिक्का नाहीसा झाला. नेकचा कोन बदलायचा तर खाचेत पातळ पट्टी घालतात, शिक्क्याचं लाकूड घासायची गरज कधीच नसते. नवे फ्रेट (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) टाकताना सव्वासात इंच त्रिज्येचा फ्रेटबोर्ड, म्हणजे बोटं दाबायची पाटी, बारा इंचाचा सपाट केला. १९६२ च्या मध्यानंतर फेंडरचा रोजवूडचा फ्रेटबोर्ड म्हणजे वक्र चिकटवलेला पातळ थर, त्यात घासायला जागाच थोडी. मधून काढलेलं लाकूड परत येत नाही. ट्यूनरची भोकं पूर्वीच १० मिलिमीटरची केलेली होती. तिथे जुळवणी बुशिंग (भोक लहान करणारी कडी) टाकून डबीतले क्लुसन बसले असते, ते काम मात्र झालं नाही, कारण क्लुसन तोवर गेले होते.

गिटार हातातून सोडण्याआधी एक संध्याकाळ द्यावी. तारा सैल करून नेकचे चार आणि पिकगार्डचे अकरा स्क्रू काढा. पकड बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या, डोकी झिजली की तोही पुरावा बिघडतो. शिक्का, प्रत्येक पॉटचा कोड, स्विच, पिकअपचा तळ, खाच आणि खड्ड्याच्या कडा यांचे तिरप्या उजेडात फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवून. पूर्ण गिटारचं, शक्य असल्यास सुट्या बॉडीचं वजन लिहा. पिकअप पिकगार्डवरच राहू द्या, तार केसाएवढी असते.

पावतीवर तीन गोष्टी हव्यात: आत असलेल्या भागांची कोडसह यादी, डबीतल्या भागांची वेगळी यादी, आणि ‘काढलेला प्रत्येक भाग परत करायचा, लेखी संमतीशिवाय घासणे किंवा रंगवणे नाही’ हे वाक्य. शेवटचं वाक्य लिहायला कारागीर कुरकुरला तर गिटार तिथे ठेवूच नये. परत घेताना पैसे देण्याआधी पिकगार्ड तिथेच उघडायला सांगा.

या मालकाकडे उघड्या पिकगार्डचा एकच जुना फोटो होता. त्यात दोन पॉटचे कोड वाचता येत होते आणि तेवढेच दोन पॉट परत मिळाले. पिकअप, स्विच आणि ट्यूनर यांबद्दल ‘आले तेव्हा असेच होते’ हे उत्तर शेवटपर्यंत कायम राहिलं.