एका चाकावरची डिलिव्हरी : ब्रिस्बेनमधला सात महिन्यांचा अनुभव

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये शिकता शिकता जेवणाच्या डिलिव्हरीचे काम करणारी मराठी मुले-मुली बरीच आहेत आणि त्यांतली बहुतेक जण सायकलवर किंवा ई-बाइकवर हे काम करतात. मी गेल्या एप्रिलपासून तेच काम इलेक्ट्रिक युनिसायकलवर, म्हणजे उभ्याने चालवायच्या, विजेवरच्या एकचाकी वाहनावर करतो आहे. हे वाहन पाहून अनोळखी माणसे विचारतात की पडायला होत नाही का, आणि आपल्याकडची मुले विचारतात की यात पैसे सुटतात का. दोन्ही प्रश्न योग्य आहेत. हे वाहन घ्यावे की नाही या विचारात असलेल्यांना उपयोग व्हावा, म्हणून दोन्हींची उत्तरे सविस्तर लिहीत आहे.

मी जे यंत्र वापरतो त्याचे चाक सोळा इंची आहे, वजन सुमारे वीस किलो आहे, मोटार २००० वॅटची आणि बॅटरी ९६० वॅट-तासांची आहे. मायदेशी परतणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून ते मी ११०० ऑस्ट्रेलियन डॉलरला घेतले. मॉडेलचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते या प्रकारच्या सगळ्याच वाहनांना लागू पडते. इनमोशन, किंग साँग या शेन्झेनच्या कंपन्यांची या वर्गातली यंत्रे थोड्याफार फरकाने याच घडणीची आहेत. शेन चेन यांनी २०११च्या सुमारास अमेरिकेत ‘सोलोव्हील’ बाजारात आणले, तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही : मध्ये एक जाड चाक, त्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या पट्ट्या, आणि पुढे-मागे तोल सांभाळणारे सेन्सर व मोटार. पुढे झुकले की वेग वाढतो आणि मागे झुकले की तो कमी होतो. डावी-उजवीकडचा तोल मात्र सायकलप्रमाणे आपला आपणच सांभाळायचा असतो.

पुण्यात वाढलेल्या माणसाचे हात आयुष्यभर ॲक्सिलरेटरवर आणि ब्रेकवर असतात, त्यामुळे हातात काहीच नसण्याची सवय व्हायला मला वेळ लागला. पहिले दोन आठवडे मी रोज एक तास रिकाम्या मैदानावर कुंपण धरून सराव केला आणि त्या काळात पट्ट्या लागून दोन्ही नडग्या काळ्यानिळ्या झाल्या. त्यानंतर आणखी महिनाभर मी पाठीवर पिशवी न घेता, फक्त कॉलेजला जाण्यायेण्यासाठी ते वापरले. शिकल्यापासून आठवड्याभरात या वाहनावर दुसऱ्याचे जेवण घेऊन निघणे मला बेजबाबदारपणाचे वाटते, आणि ज्यांना लगेच कमाई सुरू करायची आहे त्यांनी हा दीड महिना हिशेबात धरावा.

आता कायद्याविषयी. ब्रिस्बेन ज्यात येते त्या क्वीन्सलँड राज्यात हे वाहन ई-स्कूटरच्याच गटात येते. ते ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने धावणारे असता कामा नये. फुटपाथवर १२ किलोमीटरची मर्यादा आहे, हेल्मेट सक्तीचे आहे आणि चालवताना फोन हातात धरल्यास एक हजार डॉलरहून अधिक दंड होतो. मधोमध रेषा आखलेल्या किंवा ५०पेक्षा जास्त वेगमर्यादेच्या रस्त्यावर सायकलींसाठी राखलेली पट्टी नसेल तर जाता येत नाही, आणि वेगमर्यादा ५०पेक्षा जास्त असेल तर ती पट्टी इतर वाहतुकीपासून अडथळ्याने वेगळी केलेली असावी लागते. माझे यंत्र ४०पर्यंत जाऊ शकत होते, ते मी २५वर बांधून घेतले. अनेकांना ही मर्यादा जाचक वाटते. माझे मत उलट आहे. या वाहनावरचा सर्वांत वाईट अपघात मोटारीची ताकद संपल्यामुळे होतो. तोल सांभाळण्यासाठी लागणारा जोर आणि वेगासाठी लागणारा जोर एकाच मोटारीतून येतो. ती आधीच पूर्ण क्षमतेने फिरत असेल आणि समोर खड्डा आला, तर सावरायला काहीच शिल्लक राहत नाही आणि चालवणारा तोंडावर आपटतो. मोठ्या मोटारीचे यंत्र २५वर बांधले की ही शिल्लक नेहमी भरपूर राहते. म्हणून पैसे वाचवण्यासाठी हलके, कमी ताकदीचे यंत्र घेऊन ते त्याच्या कमाल वेगाने पळवण्यापेक्षा जड यंत्र हळू चालवणे मला कितीतरी अधिक सुरक्षित वाटते.

कामाच्या दृष्टीने या वाहनाचा खरा लाभ रस्त्यावर मिळत नाही, तो इमारतीच्या दारात मिळतो. वेस्ट एंड, साउथ ब्रिस्बेन आणि शहराचा मध्यभाग इथे बहुतेक ग्राहक उंच इमारतींत राहतात. ई-बाइकवाल्याला सायकल लावायला जागा शोधावी लागते, कुलूप घालावे लागते, आणि खाली उतरेपर्यंत ती जागेवर असेल की नाही ही काळजी मनात असते. मी मात्र दारापाशी उतरतो, यंत्राची दांडी वर ओढतो आणि प्रवासी बॅगेसारखे ते सरपटत लिफ्टमध्ये घेऊन जातो. एका ऑर्डरमागे तीन-चार मिनिटे वाचतात. रात्रीच्या जेवणाच्या गर्दीत मी दहाएक ऑर्डर करतो, म्हणजे अर्धा तास हातात राहतो आणि त्यात एखादी जास्तीची ऑर्डर बसते. विद्यार्थी व्हिसावर अभ्यासक्रम चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येते, त्यामुळे तासांची संख्या वाढवणे आपल्या हातात नसते. त्या तासांत किती ऑर्डर होतात एवढेच असते. या एका कारणासाठी मी हे वाहन अजून सोडलेले नाही.

शहराची रचनाही साथ देते. टूवाँगपासून मध्यभागापर्यंत नदीकाठाने जाणारा बायसेंटेनियल बाइकवे, डिसेंबर २०२४मध्ये खुला झालेला कांगारू पॉइंटचा पूल आणि डटन पार्कहून क्वीन्सलँड विद्यापीठाकडे जाणारा, मोटारींना बंदी असलेला एलेनॉर शोनेल पूल यांच्यामुळे बरेचसे अंतर मोटारींच्या वाऱ्यालाही न लागता कापता येते. माझे वजन ७४ किलो आहे. पिशवी धरून, इथल्या चढउतारांवर, एका चार्जमध्ये ४५ ते ५० किलोमीटर सहज होतात, आणि त्यासाठी जेमतेम एक युनिट वीज लागते.

चढउतारांवरून आठवले. मी हायगेट हिलच्या माथ्यावर राहतो आणि सुरुवातीच्या दिवसांत रात्रभर चार्ज केलेले यंत्र घेऊन थेट वेस्ट एंडकडे उतरायचो. दुसऱ्याच दिवशी अर्ध्या उतारावर यंत्र जोरजोरात पीप-पीप करू लागले आणि पायांखालच्या पट्ट्या आपोआप मागे कलू लागल्या. मी घाबरून उडी मारली. नंतर कारण कळले. या यंत्राला वेगळा ब्रेक नसतो. मोटारच चाकाला अडवते आणि अडवताना तयार होणारी वीज बॅटरीत परत जाते. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर त्या विजेला जायला जागा नसते आणि यंत्र इशारा देऊन चालवणाऱ्याला थांबायला भाग पाडते. तेव्हापासून मी ९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवतो. टेकडीवर राहणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्या दिवसापासून करावे. चार्जिंग मी जागा असताना आणि घरात असतानाच करतो, कारण लिथियम बॅटरीला लागलेली आग झोपेत कळत नाही आणि पाहता पाहता हाताबाहेर जाते.

पाठीवरच्या पिशवीचा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सायकलवर पिशवीचे वजन सायकल उचलते, इथे ते सगळे आपल्या तोलात मिसळते. वेग कमी करायला मागे झुकलो की चार-पाच किलोंची पिशवी आपल्याला आणखी मागे ओढते, आणि ब्रेक अपेक्षेपेक्षा जोरात लागतो. म्हणून पट्टे घट्ट ओढून पिशवी पाठीला चिकटलेली ठेवावी, जड डबे तळाशी आणि पाठीच्या बाजूला ठेवावेत, आणि सिग्नलच्या बरेच आधीपासून हळूहळू वेग उतरवावा. वेस्ट एंडमध्ये व्हिएतनामी हॉटेले पुष्कळ आहेत आणि तिथल्या फो नावाच्या नूडल्सचा रस्सा वेगळ्या गोल डब्यात देतात. असे दोन डबे मी टॉवेलात गुंडाळून मधोमध उभे ठेवतो, तेव्हा ते न हिंदकळता पोचतात. पिझ्झाची ऑर्डर मात्र मी घेत नाही. त्याची खोकी आडवीच राहायला हवीत आणि पाठीवरच्या उभ्या पिशवीत ते जमत नाही. उभा केलेला पिझ्झा ग्राहकाच्या हातात देण्यापेक्षा ऑर्डर सोडलेली बरी. चारपेक्षा जास्त शीतपेयांची ऑर्डरही मी नाकारतो. उबर ईट्स, डोअरडॅश यांसारख्या ॲपवर ऑर्डर घेणे-नाकारणे आपल्या हातात असते, पण नाकारलेली ऑर्डर म्हणजे वाट पाहण्यात गेलेला वेळ, हेही खरे.

हँडल नसल्याने फोन लावायला जागा नसते. मी एका कानात इअरफोन घालून दिशा ऐकतो आणि नवीन ऑर्डर आली की मनगटी घड्याळ थरथरते. ती स्वीकारण्यासाठी उतरून बाजूला थांबावे लागते. मनगटाचे संरक्षक न घालता हे वाहन चालवू नये, कारण पडताना माणूस आधी हात टेकतो. पण ते घातलेल्या हातांनी फोनवर बोट नीट चालत नाही. त्यामुळे प्रत्येक थांब्यावर एक संरक्षक काढणे, फोन पाहणे आणि तो परत घालणे हे चालूच असते. या खटाटोपाचा कंटाळा येतो, तरीही मी तो टाळत नाही.

त्याचे महत्त्व मला ऑक्टोबरमध्ये पटले. ब्रिस्बेनमध्ये त्या महिन्यात नीलमोहर फुलतो आणि न्यू फार्म पार्कच्या आसपासचे फुटपाथ जांभळ्या सड्याने झाकून जातात. दुपारी वळीव कोसळून गेला होता. मी माणसे चालतात त्याहून थोड्याच जास्त वेगाने वळत होतो, तोच चिरडलेल्या ओल्या पाकळ्यांवरून चाक अलगद बाजूला सरकले आणि मी डाव्या कुशीवर पडलो. दुचाकीचे एक चाक घसरले तर दुसरे क्षणभर तरी आधार देते. इथे तो क्षण मिळत नाही. मनगटाच्या संरक्षकावरच्या प्लास्टिकवर खोल ओरखडे उठले, पण हाताला काही झाले नाही. पिशवीतली करी मात्र सांडली. ग्राहकाला फोन करून सांगितले, ऑर्डर रद्द झाली आणि त्या रात्री मी पुढे काम केले नाही. त्यानंतर ओल्या रस्त्यावर हे वाहन मी वापरत नाही. रंगवलेले पट्टे, पुलांच्या सांध्यांवरच्या लोखंडी पट्ट्या आणि गटारांची झाकणे कोरडी असतानाही जपून ओलांडतो. इथे नोव्हेंबर ते मार्च दुपारी-संध्याकाळी वादळी पाऊस येतो आणि नेमक्या त्याच वेळी ऑर्डरचे दरही चढतात, तेव्हा हे नुकसान लहान नाही.

याहून मोठे नुकसान पंक्चरने केले. सायकलचे पंक्चर कोणत्याही दुकानात पंधरा मिनिटांत निघते. या यंत्राची ट्यूब बदलायची तर बाहेरचे कवच उघडावे लागते, पट्ट्या काढाव्या लागतात आणि मोटारीची वायर सोडवावी लागते. सायकलच्या तीन दुकानांनी हात लावायला नकार दिला. चौथ्या दुकानाने यंत्र ठेवून घेतले, दर दोन दिवसांनी ‘उद्या’ म्हणून सांगितले आणि अकराव्या दिवशी ट्यूब मिळत नाही म्हणून ते जसेच्या तसे परत केले. अकरा दिवस कमाई शून्य. शेवटी ट्यूब ऑनलाइन मागवली आणि प्रत्येक स्क्रूचा व वायरचा फोटो काढत चार तासांत ती स्वतः बसवली. तेव्हापासून दर रविवारी हवा तपासतो, कारण कमी हवेचा टायर कडेला आपटला की ट्यूब चिमटून फाटते. हवा भरण्याचे तोंड इतक्या अडचणीत असते की वाकडी जोडनळी लागते. ती पाच-सहा डॉलरला मिळते आणि यंत्रासोबतच घ्यावी.

सतत उभे राहण्याचा त्रासही आहे. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी तळपाय बधिर होतात. हॉटेलमध्ये ऑर्डर तयार होण्याची वाट पाहावी लागते, तेवढाच पायांना विसावा. कडक तळव्याचे बूट घेतल्यावर फरक पडला. हॉटेलात यंत्र आत न्यावे की बाहेर ठेवावे यावरून कधी कधी मालक नाराज होतात. मी ते बंद करून भिंतीला टेकवतो. चालू ठेवून उभे केले आणि ते पडले तर चाक गरगर फिरू लागते, आणि जवळ लहान मूल असेल तर ते धोक्याचे आहे.

भारतात हे वाहन न्यावे का, असेही मला विचारले जाते. विमानात इतक्या मोठ्या बॅटरीला परवानगी नाही. १६० वॅट-तासांच्या वर प्रवाशाला बॅटरी नेता येत नाही. शिवाय आपल्याकडे नोंदणीतून सूट २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या वाहनांना आहे, आणि या मोटारी त्याच्या कितीतरी पलीकडच्या आहेत.

इथल्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे : डिलिव्हरीसाठी पहिले वाहन म्हणून हे घेऊ नका. आधीच सायकल असेल, दाट वस्तीच्या भागात तीन-चार किलोमीटरच्या आत काम मिळत असेल, हातात पाना धरायची तयारी असेल आणि शिकायला दीड महिना देता येत असेल, तर कोरड्या दिवसांसाठी याच्याइतके सोयीचे दुसरे वाहन मी पाहिलेले नाही. मी स्वतः पावसाळी संध्याकाळींसाठी १८० डॉलरला एक जुनी सायकल घेतली आहे. दुपारी चार वाजता आभाळ पाहतो आणि त्या दिवशी काय बाहेर काढायचे ते ठरवतो. कपाटात दोन जादा ट्यूब आणून ठेवल्या आहेत.