पिंपल्ससाठी पील: सॅलिसिलिक, ग्लायकॉलिक की आधी साधी ट्यूब?

लग्नाची तारीख ठरली की 'एकदा पील करून घे' असं चार जणी तरी सांगतात. पील म्हणजे चेहऱ्यावर आम्ल लावून त्वचेचा वरचा थर सोलून काढणं. कोणतं पील, हे मात्र कुणी सांगत नाही.

सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळतं. त्यामुळे तेलकट रंध्रात शिरून आतलं बूच सैल करायला ते बरं पडतं. ब्लॅकहेड आणि बारीक लाल पुटकुळ्या चालू असतील तर माझं मत त्यालाच. क्लिनिकमध्ये साधारण २० ते ३० टक्क्यांचं वापरतात. काही मिनिटं चांगलंच चरचरतं, मग चेहऱ्यावर पांढरी भुकटी दिसू लागते. ती भाजल्याची खूण नव्हे. द्रव उडून गेल्यावर मागे राहिलेले आम्लाचे स्फटिक असतात ते, आणि तिथेच त्याचा जोर ओसरतो. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल किंवा दिवस गेले असतील तर हे पील नको.

ग्लायकॉलिकचा रेणू लहान. ते झरझर आत जातं आणि शमवेपर्यंत जातच राहतं. म्हणून घड्याळ लावून, वेळ झाली की सोड्याच्या द्रावणाने थांबवावं लागतं. पिंपल्स ओसरल्यावर मागे राहिलेल्या तपकिरी डागांसाठी ते चांगलं. उसातही सापडणारं आम्ल म्हणून ते 'नैसर्गिक, सौम्य' असल्याची जाहिरात होते, पण ७० टक्क्यांचं ग्लायकॉलिक पार्लरच्या खुर्चीत बसून कुणी लावून घेऊ नये. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला जरा भाजलं तरी काळा डाग पडतो आणि महिनोन्महिने हटत नाही. त्वचा तशी पटकन डागाळणारी असेल तर मँडेलिक आम्लाच्या पीलबद्दल विचारा. त्याचा रेणू मोठा, ते सावकाश मुरतं.

आता ट्यूब, म्हणजे पिंपल्सवर घरीच लावायची औषधं. रात्री अडापलीन, जोडीला बेन्झॉइल पेरॉक्साइड. परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात, सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, आणि गरोदरपणात अडापलीन चालत नाही. तरीही पहिला मान ट्यूबचाच. अमेरिकेतल्या त्वचारोग अकादमीच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पिंपल्ससाठी पीलची शिफारस करण्याइतका पुरावा अजून नाही. पील म्हणजे वरची जोड: दर दोन-तीन आठवड्यांनी एक, अशा चार-सहा खेपा, आणि दर खेपेचा खर्च वेगळा. त्याच्या आधी काही दिवस अडापलीन बंद ठेवायला सांगतात.

खोल, दुखऱ्या गाठी असतील तर पीलवर पैसे घालवू नका; तिथे पोटातून घ्यायच्या औषधांचं बोलायला हवं. खड्डेही या वरवरच्या पीलने भरत नाहीत. आणि गोरं होण्यासाठी दुकानातून आणलेलं स्टेरॉइडचं क्रीम लावत असाल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, संकोच नको. त्या क्रीमने पातळ झालेल्या त्वचेवर पील म्हणजे जखमेवर मीठ.

पील झाल्यावर सनस्क्रीन रोज, आणि सालं निघाली तरी ओढायची नाहीत. पहिलंच पील असेल आणि लग्न तीन आठवड्यांवर असेल, तर लग्नानंतरच करा.